शेवाळेबाईंची उघडी कार्डं

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात सगळ्यांना ई-मेल शिकवला. शिकवायला आलेले गृहस्थ नीट शिकवत होते, त्याबद्दल तक्रार नाही. पत्त्याचा पहिला भाग म्हणजे माणूस, मधलं शेपटीवालं चिन्ह म्हणजे 'इथे', आणि पुढचा भाग म्हणजे ज्या घरात त्याची पेटी ठेवलीय ते घर. एका घरात एका नावाची एकच पेटी. मग इनबॉक्स म्हणजे आवक, सेंट म्हणजे जावक, आणि फॉरवर्ड म्हणजे आलेलं पत्र पुढे धाडणं. मी नंबर घालून वहीत उतरवत होते. सीसी म्हणजे कार्बन कॉपी हे त्यांनी सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या मुलींनी कार्बन म्हणजे काय असं विचारलं, त्यावर थोडं हसणं झालं. नंतर बीसीसी आलं.

"इथं ज्याचं नाव घालाल त्याला पत्र जातं," ते म्हणाले, "पण बाकीच्यांना ते दिसत नाही."

मी विचारलं, "हे कशासाठी?"

"सोय आहे, मॅडम. कधी कधी एखाद्याला गुपचूप कळवायचं असतं."

मी पेनाचं टोपण लावलं आणि पुढचं काहीच लिहून घेतलं नाही. मला इतका राग आला की शेजारच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्या गृहस्थांची काही चूक नव्हती. पण लपवलेली एक प्रत काय करू शकते ते मी सांगलीत, चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास, डोळ्यांनी पाहिलंय. आणि शेवाळेबाई त्या दिवशी त्या खोलीत असत्या तर तो वर्ग तिथंच संपला असता.

शेवाळेबाई म्हणजे सांगलीतल्या एका ट्रस्टच्या नर्सिंग शाळेतल्या मुख्य लिपिक. शाळेचं नाव लिहीत नाही, त्यांची आठवण काढायला ते लागत नाही. मी तिथं आवक-जावकच्या टेबलावर नवीन लागले होते. बाई मूळच्या कोरेगावकडच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं किरकोळ, आवाज मात्र आवारातल्या चिंचेपर्यंत पोचायचा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. नवरा लष्करात होता आणि तो गेलेला, एवढंच ऑफिसला माहीत होतं. त्यापुढचं विचारायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक पाकीट टाकलं आणि म्हणाल्या, "वाच."

मी वाचायला लागले. कुमारी अमुक तमुक…

"खालनं."

"काय?"

"खालनं वाच. पोस्टात वरनं कोण वाचतंय? आधी जिल्हा बघतात, मग तालुका, मग पोस्ट, मग गाव, शेवटी माणूस. पत्ता म्हणजे पत्र कुणाकुणाच्या हातातनं जाणार त्याची यादी असते. त्यातला एक हात चुकला की माणूस मेला."

'मेला' हे त्या सहज म्हणायच्या. अर्धवट पत्ता लिहिलेलं पाकीट दिसलं की ते सरळ जमिनीवर जायचं, आणि ज्यानं लिहिलं त्यानं उठून, वाकून ते उचलायचं. यातून डॉक्टरही सुटले नव्हते. एकदा एक डॉक्टर म्हणाले, आता पिनकोड आलाय, सहा आकडे टाकले की झालं. बाई म्हणाल्या, "तुमच्या पेशंटच्या कपाळावर सहा आकडे टाका, आणि बघा औषध पोचतंय का."

परत आलेल्या पाकिटांवर पोस्टमन शेरे मारून पाठवायचे. पत्ता अपुरा. गाव सोडले. घेण्यास नकार. या नावाचे कोणी नाही. बाई या शेऱ्यांना चार शिव्या म्हणायच्या. आमच्या शाळेतून प्रवेशाची पत्रं जायची ती सगळी मुलींना, आणि ती खेड्यांत जायची, त्यामुळे या शिव्या आम्हाला रोज पडायच्या. इतर ऑफिसांत अशी पाकिटं फायलीला लागतात. बाई ती टेबलावर उभी करून ठेवायच्या, फोटो ठेवतात तशी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. "ही मिरजेकडच्या खेड्यातली. बाप म्हणतो गाव सोडलं. गाव सोडून जाईल कुठं? म्हशीची धार कोण काढतंय मग?"

त्यांचा राग हा स्वभाव आहे, असं आमचे अधीक्षक साहेब म्हणायचे. मला पुढं कळलं की तो स्वभाव नव्हता. मुलींचं पत्र अडलं की बाई संतापायच्या, एरवी त्या इतरांसारख्याच होत्या. दुपारी डबा खाताना मला लोणच्याची फोड द्यायच्या, आणि आवाज न करता हसायच्या. एकदा पावसात आमच्या शिपायाला, तुकारामला, स्वतःची छत्री देऊन घरी भिजत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी ती छत्री नीट वाळवली नाही म्हणून त्याला अर्धा तास झापलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती.

त्या वर्षीच्या निवडीत कऱ्हाडजवळच्या एका गावची शालन बाबूराव साळुंखे नावाची मुलगी होती. मुलाखतीला आली तेव्हा मी तिला पाहिलं होतं. उंच, सावळी, प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारी. तिचं नाव यादीत वर होतं. तिला रजिस्टरनं, पोचपावतीसह, हजर होण्याचं पत्र गेलं. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. न आल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला जाणार, हे त्यात लिहिलेलं होतं.

आदल्या आठवड्यात, मंगळवारी, ते पाकीट परत आलं. त्यावर कऱ्हाडकडचा पत्ता एका रेघेनं खोडलेला आणि शेजारी दुसऱ्या हातानं नवा पत्ता लिहिलेला होता. रहिमतपूरजवळचं एक गाव, घाडगे यांचे घरी. त्याखाली पोस्टमनचा शेरा होता : या नावाचे कोणी नाही.

मी म्हटलं, "बाई, चुकीच्या गावी गेलेलं दिसतंय."

बाईंनी पाकीट उलटसुलट केलं. "चुकीच्या नाही. हिचं लग्न झालं. बापानं इमानानं पत्र पुढं धाडलं, सासरी. आणि सासरी या नावाचं कोणी नाही." मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला समजेना. "नाव बदललं गं तिचं," त्या म्हणाल्या. "तुझंही बदलतील. तेव्हा बघ पत्र कसं परत येतं ते."

आमच्याकडे ही रीतच होती. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. सगळ्या बायका हसतात, एकमेकींना कोपरानं ढोसतात, कुणी वाटलेले पेढे खातं. मी असल्या दहा-बारा लग्नांत ते ताट धरून उभी राहिले असेन. त्या ताटामुळं एखाद्या पोरीचं रजिस्टर परत येऊ शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पाकीट घेऊन बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी चष्मा वर केला. "एकदा पाठवलं, परत आलं, आपलं काम संपलं. पुढचं नाव घ्या."

"हजर व्हायचा दिवस सोमवार आहे, साहेब. आज मंगळवार आहे."

"मुलगी संसाराला लागली, शेवाळेबाई. तिलाच यायचं नसेल."

"तिनं तसं कळवलंय?"

"पत्र परत आलं म्हणजेच कळवलं."

प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी ट्रस्टच्या कमिटीवरच्या एका गृहस्थांची भाची होती. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "उद्याची रजा टाक. माझ्याबरोबर चल. दोन बायका असल्या की घरात घेतात, एक असली की भांडायला आली म्हणतात."

"आपण भांडायलाच चाललोय ना?"

"हो. पण ते त्यांना आत गेल्यावर कळू दे."

बुधवारी आम्ही पुण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं रहिमतपूरला उतरलो आणि तिथून एका बैलगाडीतून गावात गेलो. घाडग्यांचं घर चांगलं होतं. दारात ऊस घालायची गाडी, ओट्यावर घोंगडं. मुलीचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, ओट्यावर बसले होते. लष्करातून निवृत्त झालेले, मिशा पिळलेल्या, बोलणं अदबीचं. मुलगा, म्हणजे शालनचा नवरा, तोही लष्करात आणि तेव्हा दूर सरहद्दीवर होता.

"बसा, बाई. पानी आना गं."

पाणी सासूनं आणलं. तिच्या मागं दाराच्या चौकटीत हिरव्या लुगड्याची एक कड दिसली आणि लगेच आत गेली.

बाई म्हणाल्या, "आम्ही शालन साळुंखेला भेटायला आलोय."

"आमच्यात असल्या नावाची कुनी न्हाई बगा."

"तुमच्या सुनेचं नाव काय?"

"जयश्री."

"आणि लग्नाआधी?"

"लग्नाआदीचं आमाला काय करायचं वं? तांदळात अंगठीनं लिवलंय, जयश्री म्हून. चार पावन्यांच्या म्होरं."

"ते तांदूळ तुम्ही कधीच शिजवून खाल्ले," बाई म्हणाल्या. "तिचं सर्टिफिकेट अजून आहे."

आबा हसले. खरंच हसले, त्यांना ते आवडलं असावं. "बाई, तुमी लय तिखट हायसा. पर मी खोटं बोललो का? पोस्टमननं इचारलं, ह्या नावाचं कोन हाय का. न्हाई म्हनलं. खरंच न्हाई."

"तेच म्हणते मी. खोटं बोलला असतात तर मी एवढी चिडले नसते."

आबांनी हातातली तंबाखू बाजूला ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही. "हे बगा. पोरगं तिकडं बर्फात हुबं हाय. घरात सून आली ती काय सांगलीला मुडदं धुवाय आली का? आनि कायद्याचं म्हनाल तर, तुमच्या सायबांचा कागद आमाला आदीच आलाय की. पोरगी न्हाई आली तर कसली कारवाई न्हाई, जागा दुसऱ्या पोरीला जाईल, तुमी काय काळजी करू नका, असं साफ लिवलंय. तुमच्याच हापिसानं आमाला मोकळं केलं. आता तुमी आनि कशाला आला?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांना मी दोन वर्षं रोज ऐकत होते, पण गप्प बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. त्या उठल्या, भांड्यातलं उरलेलं पाणी प्यायल्या, भांडं सासूच्या हातात दिलं आणि तिला म्हणाल्या, "तुमच्या सुनेची निवड पहिल्या पाचांत झालीय. तिला सांगा. सोमवारी सकाळी." सासू जमिनीकडे बघत उभी राहिली.

परत येताना गाडीत मी बोलायचा प्रयत्न केला. बाई खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "तो म्हातारा समोर बसून नाही म्हणाला. त्याच्याशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडायचं?" 'याच्याशी' म्हणजे कुणाशी ते सांगायची गरज नव्हती.

गुरुवारी साहेब खुर्चीत बसायच्या आधी बाई त्यांच्या केबिनमध्ये उभ्या होत्या. दार उघडंच होतं. ते त्या कधी लावून घ्यायच्या नाहीत.

"घाडग्यांना तुम्ही पत्र पाठवलंत, त्याचा जावक नंबर काय, साहेब?"

"कोण घाडगे?"

"रहिमतपूरचे. शालनचे सासरे. मूळ पत्राच्या खाली त्यांना प्रत असं लिहिलेलं नाही. जावकला नोंद नाही. मग गेलं कसं?"

साहेबांनी टाइपरायटरचा आवाज थांबल्याचं ऐकलं असणार. ऑफिसातले सगळे हात थांबले होते. "ती खाजगी प्रत होती. लग्नाचं कानावर आलं, हितचिंतक म्हणून कळवलं."

"ऑफिसच्या कागदावर, ऑफिसच्या शिक्क्यानं, खाजगी?"

"शेवाळेबाई, एका कुटुंबाचा संसार मोडू नये म्हणून…"

"हित होतं तर मुलीच्या पत्राखाली लिहायचं होतं, प्रत सासऱ्यांना. तिला कळलं असतं आपल्याबद्दल कोण कुणाशी काय बोलतंय. ज्याच्याविषयी लिहिलं त्यालाच माहीत नाही, ही प्रत नाही साहेब, ही चहाडी आहे."

"विषय संपला," साहेब म्हणाले. "शनिवारी प्रतीक्षा यादीचं पत्र टाइप करून ठेवा."

बाई बाहेर आल्या. त्यांनी तुकारामला पोस्टात पिटाळलं आणि साधी पोस्टकार्डं आणायला सांगितली. मला वाटलं त्या वर कुठंतरी तक्रार करणार. त्यांनी कार्डं टेबलावर मांडली, मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. मी सांगते तसं लिही. मोठं लिही, चष्मा नसलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे."

मजकूर मला अजून पाठ आहे. 'आपल्या गावच्या घाडगे यांच्या घरी सून म्हणून आलेल्या शालन बाबूराव साळुंखे, आता जयश्री, यांची परिचारिका प्रशिक्षणासाठी गुणानुक्रमे निवड झाली आहे. गावाचे अभिनंदन. त्यांनी सोमवारी सकाळी सांगली येथे हजर राहायचे आहे. गावाने त्यांना निरोप द्यावा ही विनंती.' त्याखाली 'प्रत' आणि तिच्यापुढे यादी. सरपंच. शाळेचे मुख्याध्यापक. पिठाच्या गिरणीचे मालक. सोसायटीचे चेअरमन. घाडगे यांच्या घरच्या कर्त्या बाई. आणि शेवटी, अधीक्षक, नर्सिंग शाळा, सांगली.

प्रत्येक कार्डावर पूर्ण यादी. ज्याला कार्ड मिळेल त्याला कळलं पाहिजे की हे आणखी कुणाकुणाच्या हातात आहे.

मी म्हटलं, "बाई, पाकिटात घालूया का? उघड्यावर दिसेल सगळ्यांना."

"पाकीट माणसाचं असतं. कार्ड गावाचं," त्या म्हणाल्या. "पोस्टमन टपाल वाटायला निघाला की पारावर आधी कार्डं वाचतो. माझ्या गावात मला नवऱ्याची खुशाली माझ्याआधी न्हाव्याला कळायची. आयुष्यभर त्याचा राग आला मला. आज कामाला येऊ दे."

सगळी कार्डं जावकला नंबर घालून नोंदवली. साहेबांची प्रत तुकारामनं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली, पोचवहीत सही घेऊन. साहेबांनी ती वाचली आणि बाहेर आले, आणि त्यांचा चेहरा मी तरी पुन्हा तसा पाहिला नाही.

"ऑफिसचा मजकूर उघड्या कार्डावर पाठवता?"

"लपवायचं काय आहे त्यात?"

"परिणाम होतील."

"तेही लेखी द्या," बाई म्हणाल्या. "आणि खाली प्रत कुणाकुणाला ते घाला."

सोमवारी सकाळी बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. मीही लवकर आले होते. शेंदरी काठाची साडी नेसून कमिटीवाल्यांची भाची मामाबरोबर बाकावर येऊन बसली होती, पेटी घेऊन. तिच्यावर मला राग धरता येईना, पोरगी बिचारी नखं कुरतडत होती. बाई टेबलावरचे कागद उगाच खालीवर करत होत्या. तुकाराम दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला.

मग फाटकातून दोघी आल्या. पुढे सासू, डोक्यावर गाठोडं; मागे शालन, हातात नारळ.

सासू दारातच बोलायला लागली. ओट्यावर गप्प उभी असलेली बाई ती हीच, यावर माझा विश्वास बसेना. "शनवारी दळान घेऊन गिरनीत गेले, तर गिरनवाला म्हनतोय, काकू, पेढं कवा? म्या म्हनलं कसलं रं? तर त्येनं कार्डच वाचून दावलं, सगळ्या बायांच्या म्होरं. घरी येतीया तवर सरपंच नारळ घेऊन ओट्यावर बसल्यालं. गुरुजी पोरांस्नी घेऊन आलं. आता आमचे ह्ये काय म्हननार? सरपंचाच्या हातचा नारळ घेतला आनि पोरीला न्हाई धाडत म्हनले तर मिशा कुठं ठेवायच्या?"

"आबा आले नाहीत?" बाईंनी विचारलं.

"रुसल्यात. ऱ्हाऊ द्यात. पोराला कागद मी लिवून घेते गुरुजींकडनं. त्यो न्हाई म्हनायचा न्हाई."

साहेबांनी शालनला पुढे बोलावलं. समोर फॉर्म. "नाव?"

तिनं एक क्षण सासूकडे बघितलं, मग खाली. मला तिची अडचण कळत होती. सासूसमोर जुनं नाव घ्यायचं म्हणजे नवं नाकारायचं, आणि नवं सांगायचं तर जागा गेली. बाकावरचे मामा पुढे सरकून बसले.

"स्वतःचं नाव सांगता येत नाही," साहेब म्हणाले, "मग प्रवेश कुणाला देऊ?"

बाई त्यांच्या टेबलाशी उभ्या होत्या. मला वाटलं आता आवाज चिंचेपर्यंत जाणार. पण टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून त्या मुलीकडे बघत राहिल्या.

सासूच म्हणाली, "सांग की गं. मी काय खातीया का तुला?"

"शालन बाबूराव साळुंखे," ती म्हणाली.

"आणि जयश्री कोण? दोन नावं चालणार नाहीत. गॅझेटमध्ये बदल करून आणा, मग बघू."

आता बाई बोलल्या. "गॅझेट लागतं नाव बदललेल्याला. हिनं बदललेलं नाही. बदललं ते दुसऱ्यांनी, तांदळात. सर्टिफिकेटवरचं नाव, अर्जावरचं नाव आणि तोंडानं सांगितलेलं नाव एकच आहे. कुठल्या नियमानं परत पाठवता ते लिहून द्या, मी टाइप करते. प्रत जोडून."

साहेबांनी फॉर्म बाईंकडे ढकलला. मामा उठले आणि भाचीचा हात धरून निघाले. पेटी तुकारामला मागून नेऊन द्यावी लागली.

फॉर्मवर पालकाची सही लागायची. बाईंनी सासूला समोर बसवलं. "तुमचं नाव सांगा."

"कंचं सांगू? म्हायेरचं का सासरचं?"

"दोन्ही."

"सासरचं पार्वती." मग ती थांबली, पदर सारखा केला आणि एकाएकी हसायला लागली. "बगा की, आठवावं लागलं. गोदा. म्हायेरी गोदा म्हनायची मला."

बाईंनी दोन्ही नावं लिहिली. टाक इतका दाबला की कागद फाटला, आणि त्यांनी तुकारामला नवा फॉर्म आणायला लावला, तोही ओरडून. बाईंचं स्वतःचं माहेरचं नाव काय होतं ते मला कधीच कळलं नाही. त्या दिवशी विचारायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी फॉर्मच वाळवत बसले.

शालन प्रशिक्षणाची दोन्ही वर्षं पास झाली. पुढे तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, आणि तिच्या हजेरीपटावर शेवटपर्यंत साळुंखे हेच नाव होतं. आबांनी तिच्या पहिल्या नेमणुकीच्या वेळी गावजेवण घातलं असं ऐकलं. त्याचाही मला रागच आला, पण असो.

बाईंना मात्र त्या सोमवारनंतर पंधरवड्यात ज्ञापन, म्हणजे मेमो, मिळालं. कार्यालयीन मजकूर उघड्या टपालाने पाठवून संस्थेची अप्रतिष्ठा केल्याबद्दल. महिन्याच्या आत बदलीचा हुकूम आला. ट्रस्टचा एक छोटा दवाखाना मेढ्याला होता, डोंगरात, तिथं. हुकमाच्या खाली प्रत फक्त एकाला होती, व्यक्तिगत फाईलला. बाईंनी तो कागद साहेबांपुढे धरला आणि विचारलं, "बाकीच्या प्रती कुणाकुणाला गेल्या?" साहेब पुढे शाल-श्रीफळ घेऊन सन्मानानं निवृत्त झाले. समारंभात त्यांच्या गोड स्वभावाबद्दल चार जण बोलले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच माझ्या हातात होतं.

बाईंनी निरोप समारंभ घेतला नाही. "चहा प्यायचा आणि खोटं बोलायचं, दोन्ही मला जमत नाही," म्हणाल्या. चार्ज देताना प्रत्येक रजिस्टरच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली, सही केली, माझी सही घेतली आणि शाईचा डाग पडला म्हणून मला बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सांगलीच्या एसटी स्टँडवर गेले. बाई साताऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या, पुढे मेढ्याची गाडी धरायची होती. टपावर त्यांची ट्रंक चढवली जात होती आणि ती आडवी ठेवल्याबद्दल हमालाशी त्यांचं चालू होतं.

"शालन आली नाही," मी म्हटलं.

"तिची वॉर्डात ड्युटी आहे. आली असती तर हाकलली असती."

मी मेढ्याचा पत्ता मागितला. त्यांनी तो सांगितला, जिल्ह्यापासून सुरू करून, मी वहीत उतरवला. त्यांनी वही खिडकीतून घेऊन तपासली आणि परत दिली. माझे डोळे भरायला लागले होते, आणि ते त्यांना दिसले.

"आजची डाक गेली?" त्यांनी विचारलं.

"नाही. परत गेल्यावर काढणार आहे."

"किती पाकिटं आहेत?"

"बरीच आहेत. मुलाखतीची पत्रं आहेत."

बाईंचा चेहरा लाल झाला. "मुलींची पत्रं टेबलावर ठेवून तू इथं काय करतेस?"

ड्रायव्हर अजून चढलाही नव्हता. मी वळले आणि फाटकाकडे चालू लागले. गाडी सुटताना पाहिली नाही. पोस्टाची पेटी उघडायच्या आत मला पोचायचं होतं.